चौदा नंबरचा खाना

सव्वीस खाने. मुलं पंचवीस.

"एका आकड्याभोवती गोल करा. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी."

एक पाय बुटात, एक पाय हवेत.

दोन कावळे. एकाला चष्मा, दुसऱ्याच्या गळ्यात मफलर.

साखरेत घोळलेला गोल बन, आत लाल जॅम, कुणीच न खाल्लेला.

चौदाव्या खान्याच्या कडेला नखांच्या बारीक खुणा आहेत.

मित्रांनो, कुणीतरी खिसा उलटा करून टेबलावर रिकामा करावा तसं हे वाटेल. मला बोलायची सवय नाही. लोकांनी माझ्यात वस्तू ठेवल्या आणि परत नेल्या, शब्द कुणी ठेवले नाहीत. म्हणून जे हाताला लागलं ते आधी समोर टाकलं. आता एकेक उचलून जागेवर लावते.

मी मांडणी आहे. भिंतीवर टांगलेली, बर्चच्या लाकडाची, आणि आता जुनी. शाळा सुरू होताना मुलांनी आपापले फोन माझ्यात ठेवायचे आणि दोन वाजता घरी जाताना घ्यायचे, एवढंच माझं काम. मुलं मला 'हॉटेल' म्हणायची. सिग्वे नावाचा एक नकटा मुलगा रोज सकाळी फोनला थोपटून म्हणायचा, "जा राजा, झोप आता. आंघोळ नको करूस, बिल वाढेल."

खाना १

शाळेच्या तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीत माझा जन्म झाला. नॉर्वेच्या उत्तर टोकाचं हे गाव. खिडकीतून फ्योर्डचं काळं पाणी दिसायचं आणि फेरीबोटीचा भोंगा ऐकू यायचा. हालवर नावाचा सुतारकामाचा शिक्षक निवृत्तीला आला होता. जाताजाता त्यानं सहावीच्या मुलांकडून मला करून घेतलं.

"अगं तिरिल, तो रंधा आहे! लोणी फासायचा चाकू नव्हे! जरा जोर लाव."

"तुझा रंधाच म्हातारा झालाय, हालवर."

"मीही झालोय. चालतोय ना अजून?"

प्रत्येक मुलानं आपला खाना आपण घासला. चौदा नंबर इल्वाचा होता. ती बारीक अंगाची, हळू बोलणारी मुलगी. तिनं पॉलिशपेपर इतका वेळ फिरवला की हालवर म्हणाला, "बास गं बाई, पलीकडचं दिसायला लागेल."

वर्गशिक्षिका तुरीदनं खाने मोजले. "सव्वीस? मुलं पंचवीसच आहेत की."

"सव्विसावा तुझा."

"माझा कशाला? मी शिक्षिका आहे."

"म्हणूनच," हालवर म्हणाला, आणि मुलांनी टेबलं बडवून बडवून खोली डोक्यावर घेतली.

खाना ७

पहिले काही महिने मी फार गोंगाट करायचे. यात माझा दोष नव्हता. फोन आवाज बंद करून ठेवला तरी थरथरतो, आणि कोरडं लाकूड ती थरथर ढोलासारखी मोठी करतं. गणिताचा तास चालू असायचा आणि मी मध्येच घुर्रर्र करायचे. पंचवीस माना एकदम वळायच्या.

"सातवाला! सिग्वेची आजी!"

"हातमोजे विसरलास म्हणून सांगतेय बघ."

"नाही, मासे उकडलेत म्हणतेय. पळ रे सिग्वे!"

तुरीद खडू खाली ठेवून कपाळाला हात लावायची. मला मात्र मनातून मजा यायची. वाचता मला येत नाही, मी लाकूड. पण थरथर कळते. घाईची वेगळी, लाडाची वेगळी. सिग्वेच्या आजीचा फोन लांब, सावकाश वाजायचा, गुडघे दुखणारं माणूस जिना चढतं तसा.

खाना ९

(आज रिकामा. नऊ नंबरच्या मुलाला गोवर आलाय की काय म्हणत होते. निघाल्या नुसत्याच घामोळ्या. लोकरीचा बनियन नवा होता.)

खाना १२

मग ती दोघं आली.

मुलांचं मन आणि त्यांचं पडद्यावरचं आयुष्य, यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतून ती यायची. गुन्वोर पन्नाशीची. आधी एकोणीस वर्षं ती शाळेतली परिचारिका होती, त्यामुळे तिच्या प्रत्येक कोटाच्या खिशात जखमेवरच्या पट्ट्या सापडायच्या. आयविन तरुण, आकड्यांत रमणारा. बैठकीत विचार करायचा असला की तो पिशवीतून सुया काढून मोजा विणायला घ्यायचा. सिग्वेनं त्याला विचारलं होतं, "तू तज्ज्ञ आहेस की आजी?" त्यावर तो न हसता म्हणाला, "दोन्हीची परीक्षा दिलीय. आजीची अवघड होती."

चांगली माणसं होती ती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांमुळे झालं नाही.

ती मुलांना एक कागद द्यायची. शाळेत शांत वाटतं का? तुला कुणी ऑनलाइन त्रास देतं का? रात्री फोन उशाशी असतो का? एक ते पाच, आकड्याभोवती गोल. मग आयविन माझ्यासमोर उभा राहून माझी घुरघुर ऐकायचा आणि वहीत खुणा करायचा.

"आवाजानं घोटाळा होतोय," तो म्हणाला. "फोन भिंतीवर असला तरी थरथर ऐकू येते आणि मन तिकडे जातं. आतून नमदा लावू या. जाड, लोकरीचा."

गुन्वोरनं मान डोलावली. तुरीद तर टाळ्याच वाजवणार होती.

एका शनिवारी गावातले आईबाप जमले. आमच्याकडे शाळेचं काम निघालं की सगळे येतात, कुणी मजुरी घेत नाही, आणि शेवटी सगळ्यांना गरम वॅफल मिळतं. कुणी कुंपण रंगवलं, कुणी गटार उपसलं. माझ्या वाट्याला इल्वाचे बाबा आले. ते फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करायचे. एवढ्या जाड बोटांनी त्यांनी करडा नमदा कापला आणि सव्वीसही खान्यांत नीट चिकटवला. चौदा नंबरमध्ये कोपरा दुमडला तर त्यांनी तो सोडवून पुन्हा लावला. "लेकीचा खाना आहे," ते म्हणाले.

सोमवारी मी मुकी झाले.

आणि काय सांगू, माझं केवढं कौतुक झालं! वर्ग शांत झाला. कागदांवर चार आणि पाचांचे गोल वाढले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. दुसऱ्या शाळांची माणसं येऊन माझ्या खान्यात बोट घालून नमदा दाबून बघायची. पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत अशाच मांडण्या लावायच्या असं ठरत आलं. मी फुगले. लाकूड ओलाव्यानं फुगतं, तशी मी स्तुतीनं फुगले.

खाना १४

पुढच्या शरद ऋतूत चौदा नंबर थरथरायला लागला.

आधी दिवसातून पाचसहा वेळा. मग दहा. बर्फ पडायला लागलं तोवर एका दिवसात एकेचाळीस. नेहमी सारखंच: तीनदा, मग थांबणं, पुन्हा तीनदा. घाईची नव्हे, लाडाची नव्हे. दार वाजवून कुणी उघडतंय का याची वाट बघावी, तशी ती थरथर होती.

नमद्यानं आवाज गिळून टाकला. वर्गात कुणाला काही कळलं नाही. फक्त माझ्या अंगात ते घुमायचं.

आणि इल्वाला कळायचं. कानानं नव्हे. सकाळी फोन ठेवताना तिचा हात खान्यातून लवकर निघत नसे. बोटं कडेला घट्ट धरून राहायची, नखं रुतायची. मागचा मुलगा म्हणायचा, "चल ना इल्वा, ठेवतेस की पुरतेस?" मग ती सोडायची. दोन वाजता सगळ्यांत आधी धावत यायची. डब्यातल्या पावावरचं तपकिरी चीज दुपारी जसंच्या तसं कागदात गुंडाळून घरी जायचं.

तुरीद पालकांना सांगायची, "इल्वाची काळजीच नाही. इतकी शांत मुलगी!"

कागदावर इल्वाचे गोल दर वेळी तेच असायचे. शाळेत शांत वाटतं का? पाच. तुला कुणी त्रास देतं का? एक. यातलं दुसरं अगदी खरं होतं. तिला कुणीच त्रास देत नव्हतं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मी मुकी होते, आणि त्या मुकेपणाचंच तर मला बक्षीस मिळालं होतं.

खाना २६

आमच्या गावी हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. जानेवारीअखेर तो एका दुपारी थोडा वेळ डोंगराच्या खिंडीतून डोकावतो. त्या दिवशी शाळा अभ्यास सोडते. सगळी मुलं टेकडीवर जातात, जॅमचे गोल बन खातात आणि सूर्य दिसला की घसा फुटेस्तोवर ओरडतात. फोन न्यायचे नाहीत, हा नियम.

त्या दिवशी गुन्वोर आणि आयविन शेवटच्या भेटीला आली होती. संध्याकाळी अहवाल पाठवायचा, की झालं, सगळ्या जिल्ह्यात नमद्याच्या मांडण्या. आयविन मुलांबरोबर पुढे गेला. वर्गात गडबड उडाली होती, टोप्या, मफलर, कुणाचा तरी एकच मोजा.

"मी नाही येत," इल्वा म्हणाली. "पोटात दुखतंय."

"आजच्या दिवशी?" तुरीद हिरमुसली. "अगं, सूर्य आहे!"

"तुम्ही व्हा पुढे," गुन्वोर म्हणाली. "मी बूट चढवते आणि बघते हिच्याकडे. पोटदुखी माझ्या जुन्या खात्यातली आहे."

सगळे गेले. इल्वाच्या बाकावर तिचा बन तसाच होता. ती माझ्यासमोर उभी होती, चौदा नंबरकडे तोंड करून. गुन्वोर दाराशी एका पायावर उभी राहून बूट ओढत होती. बूट घट्ट होता. तोल गेला, आणि तिनं आधाराला हात टेकला तो माझ्या बाजूच्या फळीवर, बरोबर चौदाव्या खान्याला लागून.

तीनदा. थांबणं. पुन्हा तीनदा.

ती तशीच राहिली. एक पाय बुटात, एक पाय हवेत. तिनं हात काढला नाही. मी मुकी झाल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच मला ऐकलं, आणि तेही तळहातानं.

"इल्वा," ती म्हणाली, "पोटात दुखतंय, की इथे?" आणि तिनं फळीवर बोट ठेवलं.

इल्वानं खान्याची कड घट्ट धरली.

गुन्वोरनं फोन ओढून काढला नाही. बूट बाजूला ठेवला आणि मोज्यांवरच जमिनीवर बसली. "मी तुझा फोन बघणार नाही. तू दाखवलास तरच. पण हे वाजतंय ते जरा जास्तच वेळ वाजतंय. त्याला उत्तर द्यायचंय का तुला?"

तेव्हा इल्वाचा बांध फुटला.

सहाशे किलोमीटर दक्षिणेला सुनिव्हा नावाची एक तेरा वर्षांची मुलगी राहत होती. चित्रं काढायच्या एका खेळात दोघींची ओळख झाली. दोघी मिळून कावळ्यांची गोष्ट काढायच्या. चष्मेवाला कावळा इल्वाचा, मफलरवाला सुनिव्हाचा. मग सुनिव्हाची आई वारली. बाबा समुद्रावर तेलाच्या कामावर, महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर. घरी एक मावशी, ती सारखी झोपलेली.

"ती म्हणते, तू उत्तर देतेस तोवरच मी ठीक आहे," इल्वा हुंदक्यात म्हणाली. "मी वचन दिलंय, पाच मिनिटांच्या आत उत्तर देईन. आणि शाळेत रोज सहा तास मी वचन मोडते. तिला काही झालं तर? मी इथे भूगोल शिकत असताना?"

"किती दिवस चाललंय हे?"

"सप्टेंबरपासून."

गुन्वोरनं डोळे मिटले. सप्टेंबरपासून ती तीनदा या वर्गात येऊन गेली होती. तीन कागद, तीन पाच.

"तू कुणाला का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. तुमच्या कागदावर असतं, कुणी त्रास देतं का. ती त्रास नाही देत. ती माझी मैत्रीण आहे."

बाहेर टेकडीवरून मुलांच्या गाण्याचा आवाज येत होता. गुन्वोरनं सवयीनं खिशात हात घातला, जखमेवरची पट्टी बाहेर आली, ती तिनं बघितली आणि परत ठेवली.

"ऐक," ती म्हणाली. "तू मैत्रिणीचं ओझं उचललंस, हे फार चांगलं केलंस. पण ते मोठ्या माणसांनी उचलायचं आहे. आता इकडे दे. मी एकटी नाही, आम्ही पुष्कळजण आहोत."

"मी वचन दिलंय, कुणाला सांगणार नाही. ती मला सोडून देईल."

"रागावेल. कदाचित खूप. नाही रागावणार असं खोटं मी तुला सांगणार नाही."

इल्वानं बाहीला नाक पुसलं. मग फोन काढला आणि स्वतःच लिहिलं, एकेक शब्द मोठ्यानं वाचत: "मी एका मोठ्या माणसाला सांगते आहे. मला एकटीला झेपत नाही. मी कुठे जात नाहीये."

सुनिव्हाच्या शाळेचं नाव इल्वाला माहीत होतं. गुन्वोरनं फोनामागून फोन केले. तिचा आवाज गोड होता, पण पलीकडच्या माणसाला 'उद्या बघू' म्हणायची सोय त्यात नव्हती.

तेवढा वेळ इल्वाचा फोन माझ्या माथ्यावर ठेवला होता. खान्यात नाही, वर, उघड्या लाकडावर. पन्नास मिनिटांनी तो थरथरला, आणि मी पूर्वीसारखी सगळ्या अंगानं वाजले. त्या रिकाम्या वर्गात केवढा तो आवाज!

"एक बाई आल्यात," इल्वानं सुनिव्हाचं उत्तर मोठ्यानं वाचलं. "त्या म्हणाल्या तू पाठवलंस. मला तुझा खूप राग आलाय."

इल्वा रडली. गुन्वोरनं तिला जवळ घेतलं. तेवढ्यात दारातून सिग्वे ओरडत आत आला, "सूर्य इतका होता, इतका! नारिंगी! कुठे होतीस तू?" आणि दोघींची तोंडं बघून गप्प झाला. मग हळूच स्वतःचा उरलेला अर्धा बन इल्वाच्या अख्ख्या बनाशेजारी ठेवून निघून गेला.

खाना १४, पुन्हा

अहवाल त्या संध्याकाळी गेला नाही.

"पण आकडे पाच आहेत!" आयविन मोजा विणता विणता म्हणाला. टाके चुकत होते.

"आपण जे विचारलं त्याचे पाच आहेत."

मग त्यानं मोज्याचे टाके उसवले, अगदी पहिल्या ओळीपर्यंत, आणि म्हणाला, "नमद्याची कल्पना माझी होती."

"मान मी डोलावली होती."

दुसऱ्या दिवशी इल्वाचे बाबा फेरीची पाळी सोडून आले. हातात पुट्टी खरवडायची पाती. चौदा नंबरमधला नमदा त्यांनी तासून काढला. बोलले एवढंच, "मीच चिकटवला होता ना." पाती दोनदा घसरली, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर अकरा दिवस चौदा नंबर गप्प होता. एकदासुद्धा थरथर नाही. मला वाटलं नव्हतं की मला तिची आठवण येईल. गुन्वोर रोज मधल्या सुट्टीत शाळेत फोन करायची. इल्वा एकच विचारायची, "ती बरी आहे?" आणि गुन्वोर एकच सांगायची, "तिच्याजवळ माणसं आहेत. बाकीचं तिनं तुला सांगायचं, मी नाही."

बाराव्या दिवशी इतिहासाच्या तासाला मी वाजले. तीनदा नाही, एकदाच, छोटंसं. सगळ्या माना वळल्या. "चौदावाला!" कुणीतरी म्हणालं. तुरीदनं खडू ठेवला. "जा इल्वा, बघ."

चित्र आलं होतं. मफलरवाला कावळा टेकडीवर बसलाय, चोचीत जॅमचा बन, आणि, इल्वानं वाचून दाखवलं, विचारतोय: सूर्य पाहिलास का?

इल्वा हसली. सप्टेंबरपासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

उरलेले खाने

पुढे त्या कागदावर दोन प्रश्न वाढले: तुझ्या उत्तराची कुणी वाट बघत असतं का? उत्तर नाही दिलंस तर काय होईल असं तुला वाटतं? त्यांना आकडे नाहीत, लिहायला रिकाम्या ओळी आहेत. तुरीदनं आपला फोन सव्विसाव्या खान्यातून उचलला आणि त्यातला नमदा काढून टाकला. ज्याला कुणाची काळजी असेल त्यानं फोन तिथे ठेवायचा आणि तिला सांगायचं. वाजला की दोघांनी मिळून बघायचं. कधी तो आठवडाभर रिकामा असे, कधी मुलं पाळी लावत.

ती मुलं मोठी होऊन गेली. हालवर गेला. आता वर्गात कुलपाची पत्र्याची कपाटं आली आहेत. मी जिन्याखाली टांगलेली असते. माझ्यात ओले हातमोजे आणि हरवलेल्या टोप्या वाळतात. लोकरीचा वास येतो, तो मला आवडतो. मधूनच एखादं मूल चौदा नंबरच्या कडेवर बोट फिरवतं आणि विचारतं, "हे कुणी ओरबाडलंय?"

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या वर्गात एखादं मूल फार शांत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही विचारायला नाही जमलं तर अर्धा बन द्या. आणि तुम्हीच ते शांत मूल असाल, तर कुणीतरी बूट घालताना तोल जाऊन हात टेकेल याची वाट बघू नका. आपणहून सांगा. राग येईल समोरच्याला, आला तर येऊ दे. अकरा दिवस फार मोठे वाटतात, पण ते सरतात.

मोठ्या माणसांनाही मी हेच सांगितलं असतं. पण ती जिन्याखाली फारशी येत नाहीत.

नमद्याची जाडी चार मिलिमीटर होती. दिवसाच्या एकेचाळीस हाका गिळायला तेवढी पुरली.